तोंडावरचं ऊन

लग्नाच्या ग्रुप फोटोत न आलेल्या काकांचं डोकं मागाहून चिकटवून देणारे फोटोग्राफर आपण पाहिलेत. पण ही कला विद्यापीठाने आत्मसात करावी?

२००० साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाने प्रवेशपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर फुटबॉल बघणारी पोरं छापली. सगळी गोरी! आमच्याकडे सगळे नांदतात हे लोकांना दिसणार कसं? मग दुसऱ्याच फोटोतला एक कृष्णवर्णीय विद्यार्थी उचलून गर्दीत बसवला. त्याला न विचारता.

काम मात्र अगदीच कच्चं. बाकीचे सावलीत, ह्याच्या एकट्याच्या तोंडावर ऊन! शिवाय हा पठ्ठ्या त्या मैदानावर सामन्याला कधी गेलाच नव्हता.

तो कोर्टात गेला. पैसे मागितले, पण स्वतःसाठी नव्हे. अल्पसंख्य मुलं खरोखरीची आणण्यासाठी.