‘शोध’ घेणे आणि ‘शोध’ लागणे

मराठीत ‘त्याने शोध घेतला’ आणि ‘त्याला शोध लागला’ अशी दोन वाक्ये संभवतात. पहिल्यात व्यक्तीचा प्रयत्न सांगितला आहे. दुसऱ्यात व्यक्ती चतुर्थीत गेली असून वस्तूचे अस्तित्व गृहीत धरले आहे. ‘शोध लावणे’ हे ‘लागणे’चेच प्रयोजक रूप असल्याने तेही या गृहीतातून मुक्त नाही. नव्या द्रव्यांविषयीच्या अलीकडील संशोधनाचे मूल्यमापन करताना हा भेद उपयोगी पडतो.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात दोन निबंध प्रसिद्ध झाले. पहिल्यात डीपमाइंड संस्थेच्या संशोधकांनी ‘नोम’ या मशीन लर्निंगच्या पद्धतीने २२ लक्ष स्फटिकरचना सुचविल्या व त्यांपैकी ३,८१,००० स्थिर ठरविल्या. अणूंना बिंदू व त्यांच्या सान्निध्याला रेषा मानून यंत्र रचनेची ऊर्जा अनुमानिते. मग पुंजयामिकीच्या गणिताने ते अनुमान पडताळले जाते. ‘स्थिर’ याचा अर्थ येथे इतकाच की, निरपेक्ष शून्य तापमानाला त्याच मूलद्रव्यांची याहून कमी ऊर्जेची जुळणी ज्ञात नाही. भट्टीतील वास्तव निराळे असते. तेथे सदृश मूलद्रव्यांचे अणू एकमेकांच्या जागा यदृच्छया घेतात, आणि गणिताने सुव्यवस्थित म्हणून वेगळी मानलेली रचना प्रत्यक्षात जुन्याच अव्यवस्थित संयुगाच्या रूपाने हाती येते.

दुसऱ्या निबंधातील बर्कली येथील स्वयंचलित प्रयोगशाळेबाबत नेमका हाच आक्षेप निघाला. सतरा दिवसांत ५८ पैकी ४१ नवी संयुगे सिद्ध केल्याचा तिचा दावा होता. रॉबर्ट पालग्रेव, लेस्ली शूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये क्ष-किरण आलेख पुन्हा तपासले. यशस्वी म्हटलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश संयुगे पूर्वज्ञात अव्यवस्थित रूपेच असावीत आणि नवे द्रव्य एकही नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्याच वर्षी अँथनी चीथम व राम शेषाद्री यांनी ‘नोम’च्या यादीविषयी शब्दाचाच प्रश्न उपस्थित केला: ज्याचा उपयोग दाखविलेला नाही त्याला ‘द्रव्य’ न म्हणता ‘संयुग’ म्हणावे.

या आक्षेपांमुळे पद्धत निष्फळ ठरत नाही. ‘नोम’ने वर्तविलेल्या ७३६ रचना इतरत्र स्वतंत्रपणे सिद्ध झाल्याची नोंद मूळ निबंधातच आहे. परंतु मराठीच्या वर्णरचनेस अनुसरून असंख्य शब्द घडविता आले, तरी ते सर्व मराठीचे शब्द होत नाहीत. वापरात आलेल्यांनाच कोशात स्थान मिळते. संभाव्य रचनांच्या यादीला ‘शोध’ म्हटले, तर भट्टीत पदार्थ सिद्ध करून त्याचा गुण दाखविणाऱ्याच्या श्रमाला वेगळे नाव उरत नाही. आणि यादीवर विसंबणारी प्रयोगशाळा आपले दिवस जुन्याच संयुगांच्या मागे घालविते. यंत्राने शोध घेतला, हे निर्विवाद होय. तो लागला की नाही, हे प्रत्येक संयुगापुरते स्वतंत्रपणे सिद्ध व्हावयाचे आहे.