गोऱ्यांच्या लढाईत तू कशाला? : एका काळ्या सैनिकाच्या पत्राविषयी

सैनिकाची खाजगी पत्रे आपली प्रस्थापित समीक्षा वाङ्मयात धरत नाही. फार तर इतिहासाचे साधन म्हणून ती कपाटात ठेवते. ज्यांना लिहिण्याचा हक्कच उशिरा मिळाला, त्यांच्या बाबतीत ही वर्गवारी मला मान्य नाही. त्यांचे पहिले लेखन पुष्कळदा अर्ज, जबानी आणि पत्र याच रूपात येते. म्हणून एका पत्राचा विचार मी येथे वाङ्मय म्हणूनच करणार आहे.

हे पत्र ६ जुलै १९३७ रोजी स्पेनमधील अल्बासेते येथून लिहिले गेले. लिहिणारा कॅन्यूट फ्रँक्सन. हा काळा कामगार जन्माने जमैकाचा. तो १९१७ मध्ये अमेरिकेत आला आणि पुढे डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यात काम करू लागला. जुलै १९३६ मध्ये स्पेनच्या लोकनियुक्त सरकारविरुद्ध लष्करी सेनानींनी बंड केले. त्या बंडाचे नेतृत्व लवकरच फ्रँकोकडे गेले आणि हिटलर व मुसोलिनी त्याच्या मदतीला धावले. तेव्हा सरकारच्या बाजूने लढायला देशोदेशींचे स्वयंसेवक गेले. अमेरिकेतून सुमारे २,८०० गेले. त्यांत काळे शंभराच्याही आत होते. फ्रँक्सन अल्बासेतेला मोटारगाड्या दुरुस्तीच्या कामावर होता. या स्वयंसेवकांच्या पत्रांचा ‘माद्रिद १९३७’ हा संग्रह १९९६ साली निघाला, त्यात हे पत्र आहे.

पत्र आहे जिवलग व्यक्तीला, आणि त्याची सुरुवातच एका जाबाने होते. ज्या गोऱ्यांनी शतकानुशतके आपल्याला गुलाम केले, वेगळ्या डब्यात आणि वेगळ्या वस्तीत कोंडले, त्यांच्या आपसातल्या युद्धात मी काळा माणूस कशाला आलो? हा प्रश्न समोरच्याच्या मनात आहे हे फ्रँक्सन ओळखतो आणि तो स्वतःच मांडतो. प्रश्न टाळून थेट उत्तर देण्याची पक्षीय पत्रकांची सवय त्याला नाही. मला या पत्राचे पहिले मोल वाटते ते येथे. आपल्या माणसांना जाब देणे हे तो आपले कर्तव्य समजतो.

त्याचे उत्तर असे : आपण आता एकाकी अल्पसंख्य राहिलो नाही. जगातल्या पुरोगामी शक्तीशी आपण जोडले गेलो आहोत. फॅसिझम येथे गाडला तर हिटलरच्या राज्यात ज्यूंवर जे ओढवले, ते आपल्या लोकांवर ओढवणार नाही. आणि मग, मध्येच, तो झुंडबळींकडे वळतो. झाडाला लटकवलेली, जाळलेली शरीरे, आठवण म्हणून कापून नेलेले कान आणि बोटे, जिवंत देहात खुपसलेल्या तापल्या सळया. येथे भाषा बदलते. आतापर्यंत बोलत होता तो चळवळीत घडलेला कार्यकर्ता, आता बोलतो तो जळालेल्यांचा भाऊ. हा भाग कोणत्याही कार्यक्रमपत्रिकेत बसणारा नाही.

यापुढे मात्र माझा त्याच्याशी वाद आहे. आपल्या रक्तासाठी लांडग्यांसारखे ओरडणाऱ्या या माणसांचा आपण द्वेष करायचा काय, असा प्रश्न तो विचारतो. उत्तर देतो, नाही. ती मालकांच्या हातातली हत्यारे आहेत, आपल्याइतकीच उपाशी आहेत, आणि लवकरच त्यांना व आपल्याला उमगेल. द्वेष मालकांनी पेरला, मालक गेले की द्वेषही जाईल, असा हा हिशोब आहे.

हा हिशोब आपल्या ओळखीचा आहे. आधी स्वातंत्र्य, मग अस्पृश्यता. आधी क्रांती, मग जात. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि गावोगावी दलितांची घरे पेटली. ती पेटवणारे सगळेच बागायतदार होते काय? त्यांत कोरडवाहू शेतकरी होते, मजूर होते, विद्यार्थी होते. त्यांच्या अंगावरही फाटकेच होते. पण आपल्या खाली कोणीतरी आहे हे समाधान त्यांच्यापाशी होते, आणि ते त्यांना सोडवत नव्हते. डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉईस यांनी १९३५ सालीच दाखवून दिले होते की गोऱ्या कामगाराला तुटपुंज्या मजुरीबरोबर गोरेपणाच्या मानाचीही एक मजुरी मिळते. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये समाजवाद्यांना हेच बजावले : जातीचा राक्षस मारल्याखेरीज तुमची क्रांती पुढे सरकणार नाही. स्पेनचे युद्ध त्याच वर्षी सुरू झाले. फ्रँक्सनच्या पत्रात या मजुरीचा हिशोब नाही.

मग हे पत्र बाजूला ठेवावे काय? मुळीच नाही. कारण त्याच पत्रात तो दुसरीही एक गोष्ट सांगतो : येथे स्पेनमध्ये वर्णभेद नाही. हे स्वप्नरंजन नव्हते. अमेरिकन स्वयंसेवकांच्या लिंकन बटालियनचे नेतृत्व त्या वेळी ऑलिव्हर लॉ या काळ्या माणसाकडे होते आणि गोरे सैनिक त्याच्या हुकमाखाली लढत होते. ज्या दिवशी फ्रँक्सन पत्र लिहीत होता, त्याच दिवशी ब्रुनेतेची लढाई सुरू झाली. तीत काही दिवसांतच लॉ मारला गेला. अमेरिकेच्या स्वतःच्या सैन्यात काळ्यांच्या तुकड्या वेगळ्या होत्या. तो भेद संपवण्याचा राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांचा आदेश यायला १९४८ साल उजाडले.

हे कसे घडले? सगळ्या गोऱ्यांना एकाएकी उमगले म्हणून नव्हे. त्या ब्रिगेडमध्ये समता हा नियम होता, आणि हुद्दा काळ्या माणसाच्या हाती दिला गेला होता. हुकूम काळ्याचा पाळायचा, हे आधी ठरले. मने बदलली असतील ती त्याच्या मागून. फ्रँक्सन द्वेषाचे जे स्पष्टीकरण देतो त्यापेक्षा त्याच्या डोळ्यांसमोरचा हा अनुभव मोठा आहे. त्याच्या अनुभवाने त्याच्या सिद्धांताला मागे टाकले आहे, आणि माझ्या मते चांगल्या लेखनाची ही खूणच असते.

साठीच्या दशकात अमेरिकेत शिकून आलेल्या म. ना. वानखडे यांनी काळ्यांच्या वाङ्मयाकडे आपले लक्ष वेधले. तेव्हापासून आपण ते आपल्या वेदनेचा आरसा म्हणून वाचत आलो. आता त्याच्याशी वादही घातला पाहिजे. संयुक्त आघाड्यांची निमंत्रणे आपल्याला आजही येतात, यापुढेही येतील. फॅसिझमविरुद्ध लढताना घरी बसणे आपल्याला परवडणारे नाही, हे फ्रँक्सनचे म्हणणे मला मान्य आहे. पण जाताना त्याने झुंडबळींची आठवण सीमेवर ठेवून दिली नाही, ती सोबत नेली, हेही विसरता कामा नये. आघाडीच्या जाहीरनाम्यात आपल्या जळालेल्या घरांना जागा आहे काय, आणि तिच्या नेतृत्वात आपल्या माणसाचा हुकूम चालतो काय, हे दोन प्रश्न आपण आधी विचारावेत. उत्तर होकारार्थी असेल तर खुशाल जावे. आणि फ्रँक्सनप्रमाणे आपल्या माणसांना पत्र लिहून, का गेलो ते सांगावे.