कलम ६६-अ आणि एक तळटीप

अधिनियमाचे पुस्तक उघडून कलम वाचले की संशोधन संपले, असा समज विधी-साहाय्यकाचे काम शिकणाऱ्या विद्यार्थ्यांत आढळतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० यातील कलम ६६-अ चा इतिहास हा समज किती घातक आहे ते दाखवितो. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल प्रकरणी हे कलम घटनाबाह्य ठरविले. तथापि त्याखाली गुन्हे नोंदविले जातच राहिले. जुलै २०२१ मध्ये न्यायालयाने याबद्दल आश्चर्य व्यक्त केले, तेव्हा महान्यायवादींनी सांगितले की, पुस्तकात कलम छापलेलेच असून ते रद्द झाल्याचा उल्लेख तळटिपेत आहे.

ही मांडणी सदोष आहे, यात शंका नाही. परंतु न्यायालय कलमाचे बल काढून घेते, छापील शब्द खोडीत नाही, हे वाचकानेही जाणले पाहिजे. म्हणून प्रथम कलम, मग दुरुस्त्या, मग त्यावरील निर्णय आणि शेवटी तो निर्णय आजही टिकून आहे काय, हा क्रम सोडता येत नाही. या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये, असे न्यायालयास १२ ऑक्टोबर २०२२ रोजी पुन्हा सांगावे लागले. न वाचलेल्या तळटिपेचे मोल मधल्या काळात आरोपींनी दिले.