भयकथा आणि वाचकाचा हात

भयकथा हा साहित्यप्रकार आपल्या ख्रिस्ती कुटुंबांत काहीशा संशयाने पाहिला जातो. भुताखेतांच्या गोष्टींनी मुलांची मने दुबळी होतात, श्रद्धेची जागा अंधश्रद्धा घेते, अशी वडीलधाऱ्यांची तक्रार असते आणि ती सर्वस्वी अनाठायी आहे असे म्हणता येणार नाही. तथापि भय हे स्वतः पाप नव्हे. भय दाखवून झाल्यावर लेखक माणसाच्या हाती काय ठेवतो, यावर त्या भयाची किंमत ठरते. ही कसोटी लावून पाहावी अशी एक कलाकृती मायकेल जेन्ट्री या अमेरिकन लेखकाने १९९८ साली हौसेखातर लिहिली आणि विनामूल्य वाटली. तिचे नाव 'अँकरहेड'. ती छापील कादंबरी नाही. संगणकावर खेळायची कथा आहे.

या प्रकाराची थोडी ओळख करून द्यायला हवी. पडद्यावर चित्र नसते, फक्त गद्याचा एक परिच्छेद असतो. तुम्ही कोठे उभे आहात, समोर काय आहे, हे त्यात सांगितलेले असते. त्याखाली वाचकाने आपली आज्ञा टंकलिखित करायची: उत्तरेला जा, दिवा लाव, पत्र वाच. मग त्या कृतीचे फळ सांगणारा पुढला मजकूर येतो. विल क्राउदर या गुहाभ्रमणाचा छंद असलेल्या संगणकतज्ज्ञाने १९७५-७६ च्या सुमारास केंटकी राज्यातील मॅमथ गुहेवर आधारलेला असा खेळ आपल्या मुलींसाठी रचला. तेथून ही परंपरा सुरू झाली. पुढे इन्फोकॉम या कंपनीने त्याचा व्यवसाय केला. 'द लर्किंग हॉरर' हा तिचा भयखेळ १९८७ चा. १९८९ मध्ये ती कंपनी बंद पडली; परंतु १९९३ साली ग्रॅहॅम नेल्सन यांनी 'इन्फॉर्म' हे साधन मोफत उपलब्ध करून दिले आणि धंद्याने सोडून दिलेली ही कला हौशी लेखकांनी उचलून धरली. 'अँकरहेड' हे त्या हौशी पिढीचे एक उत्तम फळ होय.

कथानक असे: एका विवाहितेच्या पतीला मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरील अँकरहेड या काल्पनिक गावात वर्लाक घराण्याचा जुना वाडा वारसाहक्काने मिळतो. नोव्हेंबरचा पाऊस पडत असतो. वाड्याच्या किल्ल्या ज्याच्याकडे असायच्या तो दलाल जागेवर नसतो. त्या घराण्याच्या पूर्वजाचा दुष्ट आत्मा हळूहळू पतीचा ताबा घेऊ लागतो आणि त्याला सोडवण्याचे काम पत्नीवर येते. वाचकाने बजावायची भूमिका या पत्नीची. तिला नाव दिलेले नाही. नाव देण्याची गरजही नाही, कारण ती जे करते ते आपणच टंकलिखित केलेले असते.

येथेच या प्रकाराचे वेगळेपण आहे. छापील भयकथेत नायक तळघरात उतरू लागला की आपण मनात म्हणतो, 'उतरू नकोस रे!' येथे 'खाली जा' हे दोन शब्द आपल्याच बोटांनी लिहिलेले असतात. कथेच्या आरंभीच बंद कार्यालयात मागच्या गल्लीतून खिडकीवाटे शिरून किल्ल्या घ्याव्या लागतात. परक्याच्या जागेत विनापरवाना शिरताना आपण फारसे अडखळत नाही, ही गोष्ट जरा वेळाने मनाला लागते. भीतीबरोबर जबाबदारीही आपली होते.

आपल्या वाचकांना ही रीत सर्वस्वी अपरिचित नाही. संत इग्नेशिअस लोयोला यांच्या 'आध्यात्मिक साधना' या १५४८ साली पोपमहोदयांच्या मान्यतेने प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात साधकाला प्रथम स्थळ कल्पनेने उभे करायला सांगितले जाते. पहिल्या आठवड्यातील नरकावरच्या चिंतनात तर पाचही इंद्रियांना काम दिलेले आहे: ज्वाळा पाहायच्या, आक्रोश ऐकायचा, दुर्गंध हुंगायचा, अश्रूंची कटू चव घ्यायची, दाह स्पर्शाने जाणायचा. 'इन्फॉर्म'मध्येही पाहा, ऐक, वास घे, चव घे, स्पर्श कर या आज्ञा मुळातच अंतर्भूत आहेत. हे साम्य योगायोगाचे असेल. पण शब्दांच्या आधारे माणसाला एखाद्या ठिकाणी नेऊन उभे करायचे तर मार्ग हाच, हे दोन्हींवरून दिसते. फरक हेतूचा आहे. इग्नेशिअसचे भय साधकाला प्रभू येशूशी संवाद करण्यापाशी आणून सोडते. भय तेथे दार आहे, घर नव्हे.

जेन्ट्री यांचा साहित्यिक वारसा मात्र निराळा. त्यांनी आदर्श मानलेले एच. पी. लव्हक्राफ्ट (१८९०-१९३७) हे नास्तिक आणि जडवादी होते. विश्व मानवाविषयी संपूर्ण उदासीन आहे, हे त्यांच्या कथांचे सूत्र. सत्य कळले की त्यांची पात्रे बहुधा वेडी होतात किंवा पळ काढतात. आपल्याकडील नारायण धारप यांनीही या लेखकापासून प्रेरणा घेतली. परंतु त्यांच्या 'समर्थ' कथांत दुष्ट शक्तीपुढे उभा राहणारा एक रक्षक असतो. लव्हक्राफ्टच्या जगात असा कोणी नाही.

'अँकरहेड'मध्येही असा रक्षक येत नाही. तरीही ही कथा लव्हक्राफ्टच्या निराशेशी पूर्णपणे एकनिष्ठ राहू शकलेली नाही. याचे कारण तिच्या घडणीतच आहे. खेळ म्हटला की वाचकाला काहीतरी करता आले पाहिजे. माणसाच्या कृतीला अर्थच नसेल तर टंकलिखित करायचे तरी कशासाठी? म्हणून लव्हक्राफ्टचे विश्व उसने घेऊनही जेन्ट्री यांना त्यात एक पत्नी उभी करावी लागली. ती जुनी कात्रणे, पत्रे, नोंदी धुंडाळते, भिजते, धडपडते आणि पती परका होत चालला तरी त्याला सोडत नाही. सुखात व दुःखात एकनिष्ठ राहण्याचे जे वचन आपण विवाहसंस्कारात देतो, तेच येथे कथेचे खरे इंधन झाले आहे. लेखकाचा तसा हेतू असो वा नसो, कृतीला वाव देणाऱ्या रचनेने त्याच्या तत्त्वज्ञानाला मुरड घातली आहे.

शेवटाविषयी मात्र तीव्र मतभेद नोंदवावा लागतो. पती वाचतो, पण उपसंहारात ती गरोदर असल्याचे कळते आणि ती दुष्टता रक्तावाटे पुढे चालली असावी अशी सूचना देऊन लेखक थांबतो. भयकथेच्या दृष्टीने हा घाव नेमका आहे. श्रद्धेच्या दृष्टीने तो पटत नाही. बापाच्या अपराधाचा भार मुलाने वाहायचा नाही, असे यहेज्केल संदेष्टा अठराव्या अध्यायात स्पष्ट बजावतो. आदिपापाची शिकवणही दुष्टतेचा वैयक्तिक दोष बालकाच्या माथी मारत नाही. उदरातील जिवाकडे भयाने पाहायला लावणे ही या कथेतील सर्वांत उणी जागा होय. लक्षात घेण्याजोगे हे की, त्यानंतर वाचकाला करण्यासारखे काही ठेवलेलेच नाही. जेथे वाचकाचा हात काढून घेतला, तेथेच निराशेने पुन्हा प्रवेश केला.

आणखी एक गोष्ट पालकांसाठी सांगणे आवश्यक आहे. त्या घराण्यातील पित्यांनी मुलींवर केलेला अत्याचार हा कथेच्या गाभ्याशी आहे. ही प्रौढांची कथा आहे. मुलांच्या हाती देऊ नये. रचनेतही दोष आहे: आरंभी एखादी वस्तू मागे राहिली तर पुढे वाट कायमची बंद होते आणि ते बऱ्याच वेळाने उमगते. खेळाडूला पूर्वसूचनेविना मारू नये, अशा तऱ्हेचे खेळाडूचे हक्क नेल्सन यांनी १९९० च्या दशकातच मांडले होते. लेखक व वाचक यांच्यातला हा न्याय आहे. २०१८ साली जेन्ट्री यांनी कथा नव्याने लिहून सचित्र, विक्रीची आवृत्ती काढली. वीस वर्षांनी जुन्या हौसेच्या कामाकडे परतण्याची ही निष्ठा कौतुकास्पद आहे.

मराठीत असे लेखन करू पाहणाऱ्या हौशी लेखकापुढे अडचणी वेगळ्या आहेत. इंग्रजी आज्ञेत क्रियापद आधी येते; आपण 'पेटी किल्लीने उघड' म्हणतो. पेटीत, पेटीवर, पेटीला ही सारी रूपे यंत्राला उमगली पाहिजेत. त्याहून नाजूक प्रश्न संबोधनाचा. इंग्रजी मध्यमपुरुषी सर्वनाम लिंग लपवते; म्हणून कोणताही वाचक ती पत्नी होऊ शकतो. मराठीत 'तू दार उघडलेस' येथवर निभावते, पण 'तू आत शिरलास' की 'शिरलीस', हे ठरवावेच लागते. 'तुम्ही आत शिरलात' म्हटले तर प्रश्न सुटतो. मात्र आदराचे अंतर पडते आणि भयाला तर जवळीक हवी असते. आज्ञा टंकलिखित करण्याऐवजी दिलेल्या शब्दांतून निवड करायची असेल, तर ख्रिस क्लिमास यांचे २००९ सालचे 'ट्वाइन' हे मोफत साधन आहे. त्यात देवनागरीत लिहिता येते. संबोधनाचा प्रश्न मात्र कानानेच सोडवावा लागेल.

आपल्या धर्मग्रामांतील तरुणांनी असे काही लिहिले, तर त्यात अंधार आहे म्हणून दचकण्याचे कारण नाही. गेथशेमनीच्या बागेतही रात्रच होती. त्या अंधारात वाचकाला एक तरी खरी निवड करता येते का, एवढे मात्र आपण विचारावे. 'अँकरहेड' शेवटच्या पानापर्यंत या प्रश्नाला होकार देते, म्हणून ती वाचनीय आहे. आणि शेवटच्या पानावर तो होकार मागे घेते, म्हणून ती चर्चेलाही योग्य आहे.