वारली चित्रांतील चिन्हे आणि त्यांचा अधिकार

हस्तकलेच्या दुकानांतील वेष्टनांवर, प्रदर्शनांच्या पत्रिकांत आणि शाळकरी मुलांच्या चित्रकलेच्या वह्यांत वारली चित्रांचा जो अर्थ आजकाल आढळतो, तो बहुधा तीन वाक्यांत आटोपलेला असतो : वर्तुळ म्हणजे सूर्य आणि चंद्र, त्रिकोण म्हणजे डोंगर आणि झाडे, चौकोन म्हणजे पवित्र भूमी. हे कोष्टक अगदीच निराधार आहे असे म्हणता येणार नाही. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा या टापूतील चित्रकारही पाहुण्याने विचारल्यास पुष्कळदा हेच सांगतात, कारण पाहुण्याची जिज्ञासा एवढ्यावर भागते हे त्यांना पुरते ठाऊक झालेले असते. तथापि हे कोष्टक हाती घेऊन प्रत्यक्ष चित्रासमोर उभे राहणाऱ्याची लवकरच फजिती होते. जो त्रिकोण डोंगर म्हणून सांगितला, तोच दुसऱ्या त्रिकोणाच्या टोकाला टोक भिडवून माणसाचे धड होतो, आणि थोडा रुंदावला की झोपडीचे छप्पर होतो. म्हणजे त्रिकोण हे येथे अक्षर आहे, शब्द नव्हे. आणि सुट्या अक्षराचा अर्थ विचारीत बसणाऱ्याला पोथी कधी वाचता यावयाची नाही.

प्रस्तुत लेखकाचे मत असे, की या कलेतील चिन्हांचा अर्थ त्यांच्या आकारात जितका आहे त्याहून कितीतरी अधिक तो वहिवाटीत आहे : अमुक चिन्ह कोणी काढावयाचे, कोणत्या भिंतीवर, कोणत्या प्रसंगी आणि कोणाच्या तोंडचे गाणे चालू असता काढावयाचे, यावर त्याची किंमत ठरते. वारली चित्रकलेच्या आजच्या अवस्थेचा विचार या अधिकाराच्या अंगाने केला, म्हणजे तिच्या भरभराटीविषयी जे गोडवे गायिले जातात आणि तिच्या ऱ्हासाविषयी जे उसासे टाकले जातात, ते दोन्ही किती उथळ आहेत हे ध्यानात येते.

मूळ वस्तू आहे ती लग्नचौक. कारवीच्या किंवा बांबूच्या कुडाची भिंत शेणामातीने लिंपून तीवर गेरूचा हात द्यावयाचा, तांदूळ वाटून त्याचे पीठ पाण्यात कालवावयाचे, बांबूची काडी टोकाशी चावून तिचा कुंचला करावयाचा, आणि सवाशिणींनी चौक लिहावयास बसावयाचे, असा हा परिपाठ. प्रारंभ होतो तो चौकटीपासून. एकीच्या आत दुसरी अशा किनारी, त्यांत साखळ्या, नागमोडी रेघा, त्रिकोणांच्या ओळी. क्वचित मधूनच हळदी-कुंकवाचे पिवळे तांबडे ठिपके. पाहणाऱ्याची नजर मध्यभागी धावत असली तरी हात सर्वांत अधिक वेळ खर्ची घालतो तो या किनारीवर, आणि ते यथायोग्यच होय; कारण आतली जागा बाहेरच्या जागेहून निराळी करणे हेच येथे मुख्य काम आहे. आत उभी असते ती पालघट, सुफलतेची देवी. दोन्ही बाजू सारख्या, हात पसरलेले, चेहऱ्यावर नाक-डोळे नाहीत. वरच्या अंगाला सूर्य आणि चंद्र, आसपास फणी, शिडी. शेजारच्या लहानशा देवचौकात घोड्यावर बसलेला पंचशिऱ्या, तिचा राखणदार. आणि चौकटीच्या बाहेर मात्र सारा पसारा हलू लागतो : घोड्यावरून निघालेले नवरा-नवरी, नाचणारी माणसे, वाऱ्याच्या दिशेने कललेली झाडे, त्यांवरची माकडे, बुंध्याशी मुंग्यांची रांग. आत स्थैर्य आणि समतोल, बाहेर गती आणि गर्दी, हा भेद किनारीच्या त्या चार बोटांच्या पट्ट्याने जितका स्पष्टपणे सांगितला आहे, तितका तो कोणत्याही अर्थकोष्टकाने सांगितलेला माझ्या वाचनात नाही.

एवढ्यानेही चौक पुरा होत नाही. लग्न लावते ती धवलेरी. भटजी नव्हे, तर गाणी जाणणारी एक वारली बाई. कणसरी, हिरवा, नारणदेव, धरतरी या देवतांना ती गाण्यातून पाचारण करते आणि तिचे गाणे होईपर्यंत भिंतीवरच्या पिठाच्या रेघा पिठाच्याच राहतात. लग्न उरकले की त्या रेघांचे रक्षण करण्याची कोणास आवश्यकता वाटत नाही. चुलीचा धूर लागतो, पावसाळ्यात भिंत पुन्हा लिंपली जाते आणि देवी शेणाखाली जाते. संग्रहालयाचा जो पहिला धर्म, म्हणजे जपून ठेवणे, तो या कलेच्या मूळ स्वरूपाला सर्वस्वी परका आहे.

येथे एका कटू गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या लग्नासाठी हा चौक लिहिला जाई, त्याच लग्नाच्या खर्चापायी कर्ज काढणारा वारली जमीनदाराचा लग्नगडी होई आणि ते कर्ज फेडता फेडता नवराबायकोचे आयुष्य वेठीत जाई. मुंबई सरकारने सिमिंग्टन या अधिकाऱ्याकडून करविलेल्या चौकशीत या स्थितीची नोंद झाली, 1945 साली वारल्यांचा लढा पेटला, आणि त्या लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात त्या सर्वाची हकीकत लिहून ठेवली. आपले रसिक ज्याला आदिम जीवनाचा निरागस आनंद म्हणून डोक्यावर घेतात, त्या नाचणाऱ्या आकृतींच्या मागे हे दफ्तर आहे. आईबापांचे आणि त्यांच्या वाढलेल्या मुलांचे लग्न एकाच मांडवात लागल्याचे दाखले या समाजात आहेत, त्यांचेही मुख्य कारण दारिद्र्यच. लग्न लांबले म्हणजे चौकही लांबला.

अधिकाराचा हा विचार केवळ वारल्यांपुरता आहे असेही नव्हे. छोटा उदेपूर आणि अलीराजपूर या भागांतील राठवा लोकांत पिठोरा नावाचे भित्तिचित्र नवस फेडण्यासाठी काढतात. तेथे कुमारिकांनी लिंपलेल्या भिंतीवर चित्र काढतो तो लखारा, आणि तो पुरुषच असतो. परंतु चित्र पुरे झाले हे ठरविण्याची मुखत्यारी त्याच्याकडे नसते. अंगात आलेला बडवा भिंतीसमोर उभा राहून एकेक आकृती ओळखून दाखवितो आणि काही राहून गेले असल्यास ते भरावयास लावतो. आपल्याकडील चित्रसमीक्षेला इतका अधिकार कधीच लाभला नाही, आणि तिची आजची लायकी पाहता न लाभला हेच बरे झाले!

1970 नंतरच्या दशकाच्या आरंभी चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूच्या पाड्यांत हिंडू लागले तेव्हा या वहिवाटीत मोठाच पालट झाला. बिहारच्या दुष्काळात मधुबनीच्या स्त्रियांना कागद पुरविण्याचे काम त्यांनी आधी केलेले होते. भिंतीवरचे चित्र कागदावर आणावे, ते विकले जावे आणि चार पैसे घरात यावेत, हा हेतू सरळ होता. परंतु कागद येताच सवाशिणींच्या हातची कला पुरुषांच्या हाती गेली. त्या पुरुषांत गंजाडजवळच्या कळंबीपाड्याचे जिव्या सोमा म्हशे (1934–2018) हे अग्रणी. त्यांना लग्नाची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. ते रोज चित्र काढू लागले. 1975 साली मुंबईच्या केमोल्ड दालनात त्यांचे प्रदर्शन भरले, 1976 साली राष्ट्रीय पुरस्कार आला, 1989 साली पॅरिसच्या ‘मॅजिसियां द ला तेर’ या गाजलेल्या प्रदर्शनात त्यांची चित्रे गेली, आणि 2011 साली पद्मश्री.

सोवळ्या अभ्यासकांचा आक्षेप असा की येथेच कलेचा मूळ आशय संपला. हा आक्षेप मला मान्य नाही. म्हशे यांच्या कागदावर पालघट देवीचे चित्र क्वचित येते. येतात त्या कथा, जत्रा, पेरणी, पूर आणि मासेमारी. आत-बाहेर करणारी चौकट त्यांनी बव्हंशी सोडून दिली आणि चौकाच्या बाहेरचा जो मोकळा प्रदेश बायकांनी आधीच निर्माण करून ठेवला होता, तोच विस्तारला. त्यांचे मासेमारीच्या जाळ्याचे चित्र पाहावे. जवळजवळ सारा पट बारीक पांढऱ्या रेघांनी व्यापलेला. जवळ जाऊन पाहता एकही रेघ सलग नाही, प्रत्येक रेघ तुटत, पुन्हा धरत, किंचित कापत गेलेली. आणि त्या कापण्यामुळेच दोन पावले मागे सरताच सारे जाळे पाण्यात हलल्यासारखे दिसते. मासे आणि माणसे इतकी लहान, की जाळे हाच या चित्राचा नायक. येथे जाळ्याचा अर्थ काय, असे विचारणे व्यर्थ होय. देवतेने नव्हे, गावाने नव्हे, तर एका माणसाने स्वतःच्या हिमतीवर मिळविलेला हा अधिकार आहे, आणि त्याला त्याचे नाव आहे. मंडला भागातील पाटनगढचे गोंड चित्रकार जनगढ सिंह श्याम यांच्या बाबतीत भोपाळच्या भारत भवनाच्या आश्रयाने हेच घडले. त्यांचा 2001 साली परदेशात झालेला करुण अंत मात्र त्या आश्रयाची दुसरी बाजू दाखवितो.

खरी अवनती आहे ती तिसऱ्या जागी. चादरी, पेले, हॉटेलांच्या भिंती, स्थानकांचे जिने आणि लग्नपत्रिका यांवर जी वारली आकृती आज सर्रास छापली जाते, तिला गावही नाही आणि हातही नाही. तारपा नाचाचे उदाहरण घ्या. वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडपत्राचा कर्णा यांचे ते वाद्य वाजविणारा मध्ये असतो, हातात हात गुंफलेले नाचणारे त्याच्या भोवती फिरतात, सूर पालटला की पाऊल पालटते, आणि वादकाकडे पाठ करावयाची नाही असा दंडक आहे. चित्रातल्या त्या वळणाला जो अर्थ आहे तो या दंडकाचा. छापील नक्षीत नाचणाऱ्यांची साखळी असते, आणि वादक जागेला अडथळा म्हणून बहुधा गाळलेला असतो! हा नमुना तयार करणाऱ्याला आपण काय गाळले याची वार्ताही नसते.

सरकारदरबारी वारली चित्रकलेची भौगोलिक निर्देशन म्हणून नोंद झाली आहे, ही समाधानाची गोष्ट खरी. तिच्यामुळे बाहेरच्या नकलाकाराविरुद्ध दाद मागण्यास निदान एक सनद मिळाली. पण ती नोंद मालाच्या मुलखाची आहे. त्यातल्या देवचिन्हांवर कोणाची वहिवाट, याचा तिला पत्ता नाही. पालघट देवीचे चित्र पायपुसण्यावर छापले जाऊ नये, एवढे साधे बंधनही तिच्यातून निघत नाही. ज्या मुंबईत सार्वजनिक भिंती या आकृतींनी सजविल्या जातात, त्याच मुंबईत आरे वसाहतीतील वारली पाड्यांना 2019 साली मेट्रोच्या कारशेडपायी दोन हजारांवर झाडे तोडली जाताना पाहावी लागली, हाही योगायोग नोंदून ठेवण्याजोगा आहे.

चौकाचे भवितव्य मात्र बाजारावर तितके अवलंबून नाही जितके ते भिंतीवर आहे. कुडाच्या जागी विटा आणि सिमेंट आले, म्हणजे लिंपण गेले. आणि लिंपण गेल्यावर तांदळाचे पीठ धरून ठेवील अशी पाठ उरत नाही. काही घरांत आता लग्नापुरता गेरूचा पट्टा सिमेंटवरच ओढतात. गंजाडच्या वायेडा बंधूंसारखे तरुण चित्रकार, ज्यांनी मुंबईत शिक्षण घेऊन पाड्यावर परतणे पत्करले, कागदावर व कापडावर उत्पत्तीच्या कथा नव्याने मांडीत आहेत, आणि त्यांच्या कामात कल्पकता आहे. प्रश्न आहे तो बायकांचा. गेल्या काही वर्षांत स्त्रियाही विक्रीची चित्रे काढू लागल्या असल्या, तरी प्रदर्शनांत पुढे येणारी नावे अद्याप पुरुषांचीच अधिक, आणि चौक लिहिणाऱ्या सवाशिणीचे नाव कोणत्याच पत्रिकेत नाही. धवलेरीची गाणी आणि तिच्या गावचा चौक यांची एकत्र नोंद, गावागणिक आणि त्या बायकांच्या नावानिशी, विद्यापीठांनी हाती घ्यावी. ज्या धवलेऱ्यांना ही गाणी संपूर्ण येतात त्या वयाने थकल्या आहेत, आणि हे काम त्यांच्याकडूनच करून घ्यावयाचे आहे.