डेल्फीचे अक्षर

डेल्फीच्या अपोलो मंदिरात एप्सिलॉन हे एकच अक्षर अर्पण केलेले होते. तिथेच पुजारी असलेल्या प्लुटार्कने त्याच्या अर्थावर संवाद लिहिला. या अक्षराचे नाव तेव्हा ‘एइ’ असे उच्चारत. अंकलेखनात ते 5. शब्द म्हणून ‘जर’, आणि ‘तू आहेस’ही. शेवटी बोलतो तो प्लुटार्कचा गुरू अमोनिअस. देव म्हणतो, स्वतःला ओळख. भक्ताचे उत्तर, तू आहेस. हा अर्थ उदात्त खरा, पण ‘जर’ सोडवत नाही. कौल मागायला येणारा शंकाच घेऊन येतो. अनुवादात हे अर्थ तीन वेगळे शब्द होतात आणि त्यांचे एका अक्षरातले भांडण मिटते. प्लुटार्कने आधीची उत्तरे पुसली नाहीत, म्हणून ते आजही वाचता येते.