‘रजनी’ : गृहिणीची तक्रार आणि तिच्या बोलण्याची हमी

1985 साली दूरदर्शनच्या राष्ट्रीय प्रक्षेपणावर आलेल्या ‘रजनी’ या मालिकेची आठवण आजही बहुधा ग्राहक चळवळीच्या संदर्भातच निघते. ग्राहक संरक्षण कायदा 1986 च्या डिसेंबरात संमत झाला, त्यामुळे ते स्वाभाविकही आहे. साहित्याच्या अभ्यासकाला मात्र निराळा प्रश्न पडतो. स्त्री बोलेल आणि तिचे ऐकले जाईल, ही हमी या कथनाला मिळते कोठून?

प्रिया तेंडुलकर यांच्या संदर्भात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (1967) मधील लीला बेणारे अखेरीस प्रदीर्घ बोलते, परंतु रंगमंचावरील इतर पात्रे तेव्हा निश्चल असतात. ऐकतो तो केवळ प्रेक्षक. (वडील-मुलीच्या नात्यामुळे ही तुलना सोपी वाटते, आणि म्हणूनच ती सावधपणे केली पाहिजे.) रजनी गॅस सिलिंडरच्या वितरकाशी भांडते, टॅक्सीचालकाला जाब विचारते, आणि भाग संपेपर्यंत तिच्या शब्दाचा परिणाम झालेला दिसतो. बेणारे अविवाहित, गर्भवती, नोकरी गमावण्याच्या भयाखालची शिक्षिका; रजनी पतीची पत्नी, मुलीची आई, साडी-टिकलीतली गृहिणी. तिचे धैर्य खरे आहे, यात शंका नाही. त्या धैर्याचा परवाना मात्र घराने दिलेला आहे. घराच्या याच अधिकाराची दुसरी बाजू त्याच अभिनेत्रीने श्याम बेनेगल यांच्या ‘अंकुर’मध्ये (1974) आधीच दाखविली होती: जमीनदाराची पत्नी सरू घरात येते आणि लक्ष्मीला त्या घरात जागा उरत नाही.

दिग्दर्शक बासू चटर्जी यांना हे मध्यमवर्गीय घर परिचित होते. ‘मुंबईचा जावई’वरून ‘पिया का घर’ (1972) त्यांनीच केला. परंतु घराबाहेर रजनीला भेटतात ते बव्हंशी छोटे लोक. व्यवस्था दूरच राहते, दोष जवळच्या माणसावर येतो. टॅक्सीचालकांविषयीच्या भागानंतर मुंबईतील टॅक्सीचालकांनी निषेध केला. ती घटना गमतीची म्हणून सांगितली जाते; वास्तविक त्या मालिकेवरील ते एक गंभीर समीक्षण होते.

इंदूरसारख्या शहरांत वाढलेल्या आमच्या पिढीच्या मराठी मुलांना हे काहीच जाणवले नाही. 1972 साली सुरू झालेल्या मुंबई केंद्राचे मराठी कार्यक्रम आमच्यापर्यंत पोहोचत नव्हते. शेजाऱ्यांच्या खोलीत दाटीवाटीने बसून पाहिलेली रजनी हिंदी बोलत होती, तरी आडनावामुळे ती आमच्यातली ठरली. कज्जेदलाल बाईला ‘रजनी’ म्हणण्याची टवाळी आमच्याही गल्लीत होती, आणि ती करणारे बहुतेक तिचे नियमित प्रेक्षकच होते! प्रिया तेंडुलकर मराठीतील कथालेखिका आहेत, हे फार नंतर कळले. मराठी लेखिका आधी हिंदी पात्र म्हणून भेटावी, हा राष्ट्रीय प्रक्षेपणाने घडविलेला वाचनक्रम तौलनिक अभ्यासात नोंदविला गेला पाहिजे.

पुढे वडिलांनी लिहिलेल्या ‘स्वयंसिद्धा’त त्या प्रमुख भूमिकेत आल्या. 2002 साली त्यांचे निधन झाले. त्याआधी, 1990 च्या दशकातील चर्चाकार्यक्रमात त्या स्वतःच्या नावाने प्रश्न विचारू लागल्या होत्या, आणि तेथे त्यांना कोणाची पत्नी असण्याची आवश्यकता उरली नव्हती.